प्रणालीच्या चपला

रविवार, दिवेलागण

हातपायही धुतले नाहीत, आधी हे लिहिते. आज प्रणाली चपलांशिवाय घरी गेली! दारात माझ्या चपलांशेजारीच ठेवल्यात.

कन्हान नदीचं पाणी वस्तीत शिरलं त्या रात्री ही पोरगी अनवाणी पळाली होती. तेव्हापासून चपला जवळ नसल्या की घाबरायची. झोपतानाही उशाशी. मी वस्तीतल्या पोरींना कबड्डी शिकवायला लागले, तर ही रेषेबाहेर बसून. कबड्डी अनवाणीच खेळायची, आणि ही चपला सोडायला तयार नाही. शेवटी मीच म्हटलं, "कमरेला खोच अन् ये." माझ्यासोबत शिकवणारे सर चिडले. असे लाड केले तर ही सवय कधीच सुटायची नाही, म्हणे. मलाही धाकधूक होतीच. चुकत तर नाही ना मी?

आज चढाईला जाण्याआधी तिनं आपणहून चपला माझ्या हातात दिल्या. "धरा जरा ताई, टोचून राहिल्या." बस्स, एवढंच! आणि मग काय सुटली! दोघींना बाद करून धापा टाकत परत. पोरींचा नुसता कल्ला. मी तर त्या चपलांनीच टाळ्या वाजवल्या.

खेळ संपला, पोरी घोळक्यानं निघाल्या. चपला माझ्याच हातात! मी मागे धावले, "अवं प्रणाली, चपला!"

ती वळलीसुद्धा नाही. चालता चालताच ओरडली, "राहू द्या न ताई, उद्या यायचंच आहे!"