अर्धाच तास

हडपसरच्या ऑफिसची बस आठला सोसायटीच्या गेटवर येते. पावणेआठ झाले होते आणि सासूबाई अजून बाथरूममध्ये होत्या, म्हणून आम्रपालीने फ्रिजवर लावायला चिठ्ठी लिहायला घेतली.

‘आई, यशूला आजपासून मोबाइल अर्धाच तास द्या. डॉक्टरांनी सांगितलंय. रडली तर खाली खेळायला न्या.’

एवढं लिहून ती थांबली. हेच तिने सोमवारी तोंडी सांगितलं होतं. सासूबाईंनी शब्द पाळला, मोबाइल कपाटात ठेवला. तीन वर्षांची नात जिन्याकडे पळाली आणि तिला धरताना त्यांचा गुडघा असा दुखावला, की चार दिवस त्या भिंत धरून चालत होत्या. धम्मदीप जेवता जेवता बायकोला म्हणाला, “आईला आता झेपत नाही. तुझ्या नोकरीचं काय ते बघ.” नोकरी त्यालाही होती, पण स्वतःच्या नोकरीचंही काही बघायचं असतं हे त्याला सुचलं नाही.

तिने कागद फाडला. कचऱ्यात दिसले असते, म्हणून तुकडे पर्समध्ये टाकले आणि दुसरा कागद घेतला.

‘आई, गुडघ्याचं मलम टीव्हीपाशी आहे. खिचडी कुकरमध्ये आहे. उठबस करू नका. यशूला’

इथे पेन अडलं. खाली बसचा हॉर्न वाजला.

‘लागेल तेवढा वेळ मोबाइल द्या. तुमचा फोन पूर्ण चार्ज केलाय.’