बिब्याचा फोड आणि पांढऱ्या पेशी

अमरावती, ता. १४ मे १९५९

तीर्थस्वरूप जानरावमामा व जाईमामी यायले श्रावणचा सविनय जयभीम. इकडे सर्व खुशाल (माझा डावा पाय सोडून). मामीचा दमा कसा आहे? तेल्हाऱ्यात ऊन किती तापून राहिलं, तेही कळवा.

पायाचं असं झालं. दवाखान्याच्या पायरीवरून उतरताना मुरगळला. तुमच्या सुनेनं, पंचफुलेनं, बिबा तापवून लावला. (मी रक्त तपासणाऱ्या डॉक्टरांचा मदतनीस, घरात आयोडीनची बाटली, तरी बिबाच! तिच्यापुढं माझं शिक्षण चालत नाही.) तो असा उतला, की दुसऱ्या दिवशी लिंबाएवढा फोड. दुसऱ्या कोणी तो फोडून फेकला असता; मी त्यातलं पाणी सुईनं काढून काचेवर घेतलं. सूक्ष्मदर्शकातून पाहतो तं पांढऱ्या पेशी! रक्तातले आपले राखणदार हे. कुठं काटा रुतला की तिकडं धावतात. शेजारच्या काचेवर माझ्या बोटाचं रक्त मिठाच्या पाण्यात ठेवलं. (काचेले ऊब द्याले वेगळी पेटी लागते म्हणे, मे महिन्यात अमरावतीले काहून लागन?) रक्तातल्या पेशी संध्याकाळीच गारद. फोडाच्या पाण्यातल्या मात्र दुसऱ्या दिवशी दुपारीही सरकून राहिल्या होत्या.

मामा, सुजलेलं मांस त्यायले काही सांगत असन का? थांबा बाप्पा, काम उरलं आहे, असं? त्या पाण्यात असं काय विरघळते, की मराले टेकलेली पेशी मरण पुढं ढकलते? जेवतानाही हेच डोक्यात. डॉक्टरसाहेबायले सांगतलं, तं ते हसले. म्हणाले, "एका पायावर शास्त्र उभं राहत नाही, श्रावण. दुसऱ्या माणसाचं दाखव, मग मंगळवारी नागपूरला माझ्या गुरुजींना विचारतो." सात वर्षं झाली काचा धुऊन राहिलो, एकदा तरी माझा प्रश्न नागपूरले जावा, एवढंच मनात आहे.

आपला भाचा,
श्रावण

ता. क. तुमचा गुडघा धरला असं मागं लिहिलं होतं. त्यावर झकास बिबा लावा आणि सोमवारच्या मोटारीनं फोड न फोडता इकडे या.

ता. क. दुसरा. लपवत नाही. दुसऱ्या माणसाचं पाणी पाहून झालं आहे. पंचफुलेनं मनगटावर बिबा लावून घेतला (हौसेनं नाही, माझी भुणभुण ऐकून). तिच्या पेशी संध्याकाळीच मेल्या. साहेबायले हे बोललो नाही. म्हणून तुमचा गुडघा पाहिजे.

ता. क. तिसरा. पंचफुलेनं हे वाचलं आणि पत्र टाकायच्या आधी मले दवाखान्यात धाडलं. मान खाली घालून सगळं सांगतलं. साहेब हसले नाहीत. फोड किती तासांचा होता, एवढंच विचारलं. माझा पुऱ्या दिवसाचा, तिचा पाच तासांचा. दोन्ही आकडे कागदावर लिहून म्हणाले, "म्हणजे सुजेत जास्त वेळ राहिलेल्या पेशी जास्त जगल्या असतील." मग खुर्ची पुढं सरकवून म्हणाले, "बस. मंगळवारी नागपूरला तूही चल, हे तूच सांग." सात वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा बसलो. मामा, बिबा लावालच. पण घड्याळ पाहून लावा.