मागच्या खोलीची कडी

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय चिमणे,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. घर घेतलंस, तेही माझ्यापासून दोन गल्ल्यांवर, याचा आनंद किती झाला ते इथे लिहीत बसत नाही. आमच्याकडे तुझा दादा, वहिनी, मुलं सगळे मजेत. माझे गुडघे स्वतःच्या मर्जीने चालतात. एवढं सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण आमच्याकडे फोनवर बोलायला निवांत कोपरा सापडत नाही. म्हणून कागद.

तू विचारलंस, भाडेकरू कसा निवडायचा? तुझ्या आतोबांच्या माघारी वरच्या दोन खोल्या मी इतकी वर्षं भाड्याने दिल्या, त्यातून एकच गोष्ट शिकले. माणूस जागा मागायला येतो तेव्हा इस्त्री केलेला असतो. हो म्हणण्याआधी तो सध्या राहतो तिथे जाऊन यायचं. न कळवता जायचं आणि प्यायला पाणी मागायचं. पाणी आणायला तो आत गेला की नळ, मोरी, बटणं बघून घ्यायची. एक गोड बोलणारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे दाराची मूठ सुतळीने बांधलेली होती. "कधीची तुटली?" म्हटलं, तर म्हणाले, "आम्ही आलो तेव्हापासून." मी पाणी पिऊन परत आले. उलट गाणं शिकवणाऱ्या त्या बाई आठवतात ना? जिन्यात पेटीचा आवाज यायचा म्हणून सगळे मला वेड्यात काढत होते. त्यांच्या जुन्या घरातला नळ जुनाट होता, पण लख्ख घासलेला होता. वरच्या खोलीतल्या बाई म्हणून त्या इतकी वर्षं राहिल्या की पोस्टमनही मला खालच्या बाई म्हणायला लागला.

चावी देण्याआधी भाडेकरूला सोबत घेऊन प्रत्येक भिंतीचे फोटो काढ. सगळे नळ एकदम सोडून बघ. करार लेखी कर आणि अनामत रक्कम वेगळी ठेव, ती आपली नसते. गळकी तोटी त्याने दुसऱ्यांदा सांगायच्या आत दुरुस्त कर.

आणि नातेवाइकांना जागा देऊ नकोस. कितीही गळ घातली तरी. ना धड भाडं मागता येत, ना धड बोलता येत.

मागच्या खोलीचं काय करू, तेही विचारलं होतंस. त्याबद्दल पुढे लिहिते. जेवणाच्या टेबलावरून उठावं लागतंय, मुलांना अभ्यासाला बसायचंय.

आता पायरीवर बसून लिहितेय. कुठे होते? हां, दुसरी चावी. ती आपल्याकडे ठेवायची, पण वापरायची नाही. खोली दिली की दार त्यांचं. मी माझ्याच जिन्याने वर जाऊन माझ्याच दारावर टकटक करायचे आणि "या" म्हणेपर्यंत बाहेर उभी राहायचे. दादा हसायचा, "आई, घर तुझं की त्यांचं?" मी म्हणायचे, दार लागलेलं आहे तोवर त्यांचं.

तुला माहीतच आहे, दादा बदली करून घेऊन परत आला आणि वरच्या खोल्या त्यांनी घेतल्या. सूनबाईला हाडांच्या व्यायामाचा दवाखाना काढायचा होता, रस्त्याकडून दार हवं होतं. तसं दार माझ्याच खोलीला होतं. मीच म्हटलं, घ्या. खरंच मी म्हटलं, कोणी मागितली नव्हती. माझा पलंग हॉलमध्ये आला, कपाटाच्या आड. पेशंटही हॉलमध्येच बसतात. परवा एक गृहस्थ कंबर धरत माझ्या पलंगाच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "आजी, तुमचा नंबर कितवा?"

"शेवटचा," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढे."

सूनबाई खूप हसली. मीही हसले. मग साडी बदलायला बाथरूम रिकामं होण्याची वाट बघत उभी राहिले. कोणी वाईट नाही गं. मुलगा रोज विचारतो, "आई, काही हवंय का?" काय सांगू? दार हवंय?

पायरीवरूनही उठले, एक पेशंट यायचे होते.

आता कुठे बसून लिहितेय सांगू? तुझ्या मागच्या खोलीत. मोरीत ओल आहे का बघते म्हणून दलालाकडून चावी आणली. ओल मागच्याच खेपेला बघितली होती, आणि त्याच्या मागच्या खेपेलाही. ओल नाहीये. उपड्या बादलीवर बसलेय. स्वतंत्र दार, पूर्वेची खिडकी, आतून कडी. कडी जरा घट्ट आहे, तेल घालायला हवं. ती लावून बसलेय आणि आल्यापासून एकदाही उठले नाही.

पुढच्या दोन खोल्या तू कुणालाही दे. ही मला दे. भाडं बाजारात असेल तेवढंच घेणार असशील तर. सूट दिलीस तर मी येणार नाही. अनामत, करार, फोटो सगळं रीतसर कर. दादाला अजून सांगितलेलं नाही. तू नाही म्हणालीस तर सांगायची वेळच येणार नाही. हो म्हणालीस तर त्याला मीच सांगेन. त्याच्याशी भांडून जात नाहीये. संध्याकाळी जेवायला तिकडेच जाईन, नातवंडांचे पाढे घेईन. मग इथे येऊन कडी लावेन.

नातेवाइकांबद्दल वर लिहिलंय ते खोडलेलं नाही. ते खरंच आहे. ते वाचून मगच ठरव.

आणि आत्या म्हणून हो म्हणू नकोस. आधी आमच्याकडे ये. न कळवता ये, पाणी माग. स्वयंपाकघर आता माझं नाही, ते बघू नकोस. माझ्या ताब्यात एक पलंग आणि एक कपाट आहे, तेवढं बघ. मी पाणी आणायला मुद्दाम वेळ लावेन.

पसंत पडलं तर,
तुझ्या मागच्या खोलीतल्या बाई

नाही पडलं तरी,
तुझी आत्या