प्रात्यक्षिकाच्या रकान्यातील ‘अ’ या अक्षराबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव (परीक्षा),
परीक्षा विभाग, मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : विद्यापीठाची माजी विद्यार्थिनी (बी.एस्सी., रसायनशास्त्र), सध्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत सहायक.

विषय : पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत अर्जदार हजर होती, तशी नोंद होण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज, पैकी चारांची पोच अर्जदाराजवळ आहे.
२) आपल्या विभागाकडून आलेली दोन पत्रे.
३) खिडकी क्रमांक तीनवर वेळोवेळी मिळालेल्या तोंडी सूचना.

महोदया,

१. आपण गेल्या आठवड्यात या पदावर रुजू झालात असे खिडकीवर कळले, म्हणून हा सातवा अर्ज. आपल्याआधी या खुर्चीवर दोन साहेब होते. पहिल्यांची बदली झाली, दुसरे निवृत्त झाले. दोघांनाही अर्जदाराने सगळे पहिल्यापासून सांगितले होते आणि दोघांनीही मान हलवत ऐकून घेतले होते. आता तिसऱ्यांदा सांगताना कुठे कंटाळा डोकावला तर तो आपल्यावरचा नाही, एवढे समजून घ्यावे.

२. अर्जदार बारा वर्षे पाणी तपासते. सकाळी बाटल्या येतात. लेबल वाचायचे, नमुना तपासायचा, आकडा लिहायचा, खाली सही करायची. जुन्या रंगकारखान्यामागच्या वस्तीतल्या विहिरींमधल्या धातूंचे आकडे सहा वर्षे हळूहळू चढत गेले. अर्जदाराने एकदा प्रमुखांना विचारले, की हे पाण्यात येते कुठून? ते म्हणाले, “आपलं काम किती आहे ते सांगणं. कुठून येतं ते शिकलेली माणसं सांगतील.” ते रागाने बोलले नव्हते, आणि त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. म्हणून अर्जदाराने वयाच्या चौतिसाव्या वर्षी पुढे शिकायचे ठरवले. भूजलात धातू कसे झिरपतात हे शिकवणारी मोजकी विद्यापीठे आहेत. त्यांतल्या परदेशातील एका प्राध्यापिकेला अर्जदाराने सहा वर्षांचे आकडे तक्ता करून पाठवले. त्यांचे उत्तर आठवड्यात आले. हे आकडे कुणी आणि किती वर्षे एकटीने गोळा केले, असे त्यांनी विचारले होते. मग इंग्रजीची परीक्षा झाली, शिफारसपत्रे झाली, ऑनलाइन मुलाखत झाली. प्राध्यापिकेने आपल्याकडची एक जागा अर्जदारासाठी धरून ठेवली. उरला होता फक्त एक कागद : सर्व वर्षांच्या गुणांची एकत्रित प्रत, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, तीही परीक्षा विभागाने लिफाफ्यात घालून सील केलेली.

३. ही प्रत एकवीस दिवसांत मिळाली, याबद्दल अर्जदार आजही आभारी आहे. त्यानंतर आभार मानण्यासारखे फारसे घडलेले नाही. सीलबंद लिफाफ्याबरोबर अर्जदाराला पाहण्यासाठी एक सुटी प्रत दिली होती. ती घरी येताना बसस्टॉपवर उघडली. तिसरे वर्ष, प्रात्यक्षिक परीक्षा, आणि पुढे छापले होते : अनुपस्थित.

४. हे कसे घडले ते शोधायला पाच महिने लागले. थोडक्यात असे, की त्या काळी प्रात्यक्षिकाला गुण नव्हते, श्रेणी होती. अ, ब किंवा क. अर्जदाराला ‘अ’ श्रेणी मिळाली. परीक्षक सरांनी नोंदवहीत तिच्या आसन क्रमांकापुढे नुसते ‘अ’ लिहिले. पुढे जुन्या वह्या संगणकावर चढवल्या, तेव्हा ज्यांनी चढवल्या त्यांनी ‘अ’ म्हणजे अनुपस्थित असे धरले. ब आणि क मिळालेले सर्व विद्यार्थी आपल्या नोंदीत सुखरूप हजर आहेत. वर्गात ‘अ’ तिघांनाच मिळाला होता. बाकीचे दोघे आजही गैरहजर आहेत, पण त्यांनी कधी ट्रान्स्क्रिप्ट मागितलेले नसल्यामुळे त्यांना झोप लागते.

५. अर्जदाराने मूळ गुणपत्रिका दाखवली. खिडकीवरील लिपिकांनी चष्मा वर करून ती पाहिली आणि म्हणाले, “बाई, यावर पण ‘अ’च आहे.” अर्जदार म्हणाली, की हो, तेच तर सांगते आहे. ते म्हणाले, “मग बरोबरच आहे ना.” या मुद्द्यावर त्या दिवशी सव्वा तास गेला. मागे रांग होती आणि रांगेतली माणसे आधी चिडली, नंतर ऐकू लागली, शेवटी दोन बाजू करून वाद घालू लागली. शेवटी अर्जदाराने असा मुद्दा काढला, की प्रात्यक्षिकाला गैरहजर राहिलेल्या विद्यार्थिनीला विद्यापीठाने पदवी दिली असती का? हा मुद्दा अर्जदाराला त्या वेळी फार बिनतोड वाटला होता. तो लेखी द्या, असे सांगण्यात आले. अर्जदाराने दिला. तिसरा अर्ज तो.

६. त्या अर्जाचे उत्तर मात्र पटकन आले. प्रात्यक्षिक परीक्षेस अनुपस्थित असताना आपणांस पदवी कशी प्रदान झाली, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा, असे त्यात होते. त्याची एक प्रत अर्जदाराच्या प्रयोगशाळेला गेली. प्रमुखांनी बोलावून घेतले, दार लावले आणि म्हणाले, “हे मिटेपर्यंत रिपोर्टवर तुझी सही नको. मनावर घेऊ नकोस.” चार महिने झाले, नमुने अर्जदार तपासते आणि सही शेजारच्या टेबलावरची मुलगी करते. ती दर वेळी पेन उचलण्याआधी “ताई, करू ना?” असे विचारते. महोदया, शिक्षणासाठी बाहेर जाऊ पाहणारी व्यक्ती असलेल्या नोकरीतूनही अर्धी बाहेर पडली, हे आपल्या विभागाच्या पत्राने घडले. अर्जदाराची आई म्हणते, “त्या ऑफिसातच नोकरी धर बाई, रोज जातेसच.” आधी ती हे हसून म्हणायची.

७. नोंद करणाऱ्या परीक्षकांनी स्वतः लिहून दिले तर विचार करता येईल, असे दुसऱ्या साहेबांनी सुचवले. सरांना निवृत्त होऊन खूप वर्षे झाली. अर्जदाराने त्यांचा पत्ता महाविद्यालयाच्या शिपायाकडून, मग सरांच्या जुन्या घरमालकांकडून, मग एका औषधाच्या दुकानातून काढला. शहराच्या दुसऱ्या टोकाला ते मुलीकडे राहतात. दार त्यांनीच उघडले. अर्जदाराने आपण अमुक सालची विद्यार्थिनी असे सांगितले, तर म्हणाले, “ब्युरेट फोडली होतीस ती तू का?” अर्जदार म्हणाली, नाही. त्यांनी जरा वेळ पाहिले आणि म्हणाले, “मग तू पेन्सिलवाली. आधी पेन्सिलने आकडा लिहायचीस, परत करून बघायचीस आणि मग शाईने. बस.” त्यांनी त्याच बैठकीत पत्र लिहून दिले. ओळी खाली उतरत गेल्या होत्या, कारण त्यांचा हात थरथरतो. ते पत्र पाचव्या अर्जासोबत जोडले. सही विभागाकडील नमुना सहीशी जुळत नाही, असा शेरा पडून ते परत आले; परीक्षकांनी समक्ष हजर राहावे, असेही लिहिले होते.

८. सर आले. अर्जदाराने नको म्हटले होते. “मी लिहिलंय, मीच येऊन सांगतो,” म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घालून, शर्टाच्या खिशात दोन पेने लावून आले. लिफ्टवर ‘फक्त अधिकाऱ्यांसाठी’ अशी पाटी आहे हे आपण पाहिले असेलच. सर जिन्याने चढले, पहिल्या मजल्यावर कठड्याला टेकून थांबले आणि अर्जदाराला म्हणाले, “पुढे हो, मी येतो,” जसे एखाद्या सहलीला आलो आहोत. साहेब बैठकीला गेले होते. अडीच तास बाकावर गेले. मग लिपिकांनी कोरा कागद दिला आणि सांगितले, की वहीत लिहिला होता तसा ‘अ’ लिहून दाखवा, म्हणजे पडताळून पाहू. सरांनी लिहिला. तो जुळेना. त्यांनी आणखी एक लिहिला. असे दहा वेळा झाले. दहाही अक्षरे एकमेकांशी जुळेनात. सातव्या अक्षरानंतर लिपिक स्वतःच, “राहू द्या सर, पुरे,” असे म्हणू लागले होते, पण सर थांबेनात. शेवटी लिपिक उठून बाहेर आले, सरांना आपल्या खुर्चीवर बसवले आणि स्वतःच्या बाटलीतले पाणी दिले. अर्जदाराला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, मला कळतंय हो सगळं. पण सिस्टिममध्ये दुरुस्तीचं बटणच माझ्याकडे नाही. साहेबांच्या लॉगिनला आहे.” ही गोष्ट खिडकीवर पहिल्यांदाच कळली. तोपर्यंत दोन वर्षे झाली होती. लिपिकांची तक्रार म्हणून हे लिहिलेले नाही. त्या कार्यालयात अर्जदाराला आता बाई न म्हणता ताई म्हणणारे ते एकटेच आहेत.

९. जिना उतरताना सर म्हणाले, “साठ मुलं होती गं. एकेक अक्षर लिहून मोकळा झालो. आळस केला.” अर्जदार म्हणाली, सर, चूक तुमची नाही, वाचणाऱ्याची आहे. ते म्हणाले, “तू रिपोर्टवर नुसता आकडा लिहितेस का? एकक लिहितेस ना?” अर्जदार रोज एकक लिहिते. कधीच चुकत नाही. हे तिला सरांनीच शिकवले होते.

१०. यंदाची प्रवेशाची मुदत गेल्या महिन्यात होती. प्राध्यापिकेने कळवले होते, की गुणपत्रकातील नोंद चुकीची आहे, अशी विभागाकडून एक ओळ आली तरी समितीपुढे मांडता येईल. अर्जदाराने सहाव्या अर्जात फक्त ती एक ओळ मागितली. विभागाकडून एक ओळ आली, नाही असे नाही. “प्रकरण विचाराधीन आहे.” दुसरे काहीच हाती नसल्यामुळे अर्जदाराने तीच भाषांतर करून पाठवली. गेल्या मंगळवारी समितीचे उत्तर आले. ते दोन नमुन्यांच्या मधल्या वेळात वाचले. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. प्राध्यापिकेने खाली वेगळे लिहिले होते, की अजून एक वर्ष जागा धरून ठेवणे त्यांच्या हातात नव्हते आणि तक्ता पुढे भरत राहावा. अर्जदाराने फोन खाली ठेवला, पुढची बाटली घेतली आणि आकडा लिहिला. तो गेल्या महिन्यापेक्षा जास्त होता.

११. सबब, या अर्जात कोणत्याही मुदतीचा उल्लेख नाही, कारण आता कोणतीही मुदत शिल्लक नाही. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायचा का, हे अर्जदाराने ठरवलेले नाही. सध्या तेवढे त्राण नाही, एवढेच खरे. प्रयोगशाळेतील सहीचा प्रश्न आपल्या दुरुस्तीने आपोआप सुटेल. आपल्या लॉगिनला जे बटण आहे ते आपण दाबावे, एवढीच विनंती आहे.

१२. अजून एक. सर दर रविवारी सकाळी फोन करतात. “झालं का गं?” एवढेच विचारतात. मंगळवारचे उत्तर अर्जदाराने त्यांना सांगितलेले नाही. या रविवारी “होईल सर, नवीन मॅडम आल्यात,” असे सांगितले, तेव्हा “मी स्वतः येऊन मॅडमना भेटू का?” असे त्यांनी विचारले. कृपया त्यांना बोलावू नये. दुरुस्ती झाल्याच्या पत्राची पहिली प्रत अर्जदाराला नको, प्रयोगशाळेलाही नंतर चालेल. ती सरांच्या पत्त्यावर पाठवावी. अक्षर मोठे असावे, त्यांना बारीक वाचता येत नाही. नोंद दुरुस्त केली, असे त्यात असले की पुरे. कोणाची चूक होती ते लिहिण्याची गरज नाही.

घाई नाही, असे अर्जदार येथे लिहिणार होती. पण सर एकोणऐंशी वर्षांचे आहेत. तेव्हा घाई आहे.

आपल्या खिडकीची जुनी ओळखीची,
(सही)
अर्जदार

दिनांक : १९ जून

सोबत :
१) मूळ गुणपत्रिकेची छायाप्रत.
२) परीक्षक सरांचे पत्र, शेऱ्यासह परत आलेले.
३) सरांनी खिडकीवर दहा वेळा लिहिलेल्या अक्षराचा कागद (मूळ, कृपया परत मिळावा).
४) सरांचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले लिफाफे, दोन. एक गहाळ झाल्यास दुसरा वापरावा.