शेवटच्या तळ्यातला पाणघोडा

न्यालांगो,
४ एप्रिल १९८८

ती. अपोंडीताईस,
ओडिंडोचा सा. न. वि. वि.

पत्र बसच्या ओगोला ड्रायव्हरच्या हाती देतोय. तो वाटेत वाचतोच, म्हणून त्यालाही नमस्कार.

इथे तुझ्या भावाची पुरती शोभा झालीय. शहराच्या सांडपाण्याच्या शेवटच्या तळ्यात पाणघोडा येऊन बसलाय. सगळे बांधावर जमतात आणि मला पाणघोड्याचा गुराखी म्हणतात. मी हसून घेतो, पण आतून धास्तावलोय. नगर समितीचे अध्यक्ष म्हणतात, बांध फोडा, तळी रिकामी करा, तो आपोआप जाईल. शुक्रवारी माणसं फावडी घेऊन येणार.

तळी एकमेकांना जोडलेली आहेत, ताई. पहिल्यात घाण खाली बसते, पुढच्या तळ्यांत ऊन आणि शेवाळ मिळून उरलेल्या घाणीचा निकाल लावतात, आणि मग कुठे मी पाणी नदीत सोडतो. बांध फुटला तर सगळं घाण पाणी नदीने थेट तुमच्या गावात येईल. बाबा सरोवरावर पाणघोडे कसे हाकलायचे, आठवतं का तुला? मी फार लहान होतो.

माया आहेच, ती पाण्याबरोबर वाहू देऊ नकोस.

तुझा,
ओडिंडो

कोडुमो,
६ एप्रिल

चि. ओडिंडोस अनेक आशीर्वाद.

ओगोलाने तुझं पत्र आधी तोंडपाठ म्हणून दाखवलं, मग हातात दिलं.

मागे तुझं ते हिरवं पाणी पाहून मी नाक मुरडलं होतं. आईने त्यात भांडंसुद्धा विसळलं नसतं, असं म्हणाले होते. तू रागावला नाहीस. आईची फार आठवण येते रे. पाऊस लागला की निंगू मासे प्रवाह चढून यायचे. आई टोपली घेऊन कमरेइतक्या पाण्यात, मी काठावर, आणि तू नागडा चिखलात. घरोघरी तोच वास. मग तुझं शहर वाढलं, त्याची घाण नदीत आली, आणि माझा चार वर्षांचा ओचोला त्या पाण्याने गेला. तेव्हापासून मी नदीचा मासा तोंडाला लावलेला नाही. तळी खणल्यावर तू तिथली नोकरी का धरलीस, ते मला ठाऊक आहे. आपण त्यावर बोलत नाही, एवढंच.

बाबा पाणघोड्याला पाण्यात कधी छेडत नसत. संध्याकाळी तो चरायला बाहेर पडला की त्याच्या परतीच्या वाटेवर शेकोट्या पेटवायचे, डबे बडवायचे आणि नदीकडची बाजू मोकळी सोडायचे. तोवर बांधाला कुणाला हात लावू देऊ नकोस. उद्या मी येतेय. एकटी नाही.

तुझी,
ताई

न्यालांगो,
१२ एप्रिल

ती. ताईस सा. न.

बसच्या टपावरून पत्र्याचे डबे उतरवणाऱ्या तुम्हा बायकांना पाहून अध्यक्षांनी विचारलं, लग्नाचं वऱ्हाड चुकून इथे आलं का. तू म्हणालीस, चुकून नाही, नवरदेव तळ्यात बसलाय. शहरात अजून तोच विनोद चाललाय.

त्या रात्री तुम्ही शेकोट्या पेटवून डबे बडवलेत, तेव्हापासून पाणघोडा परत फिरकलेला नाही. ओगोलाला तो नदीने सरोवराकडे जाताना दिसला म्हणे. फावडी घेऊन आलेली माणसं तुमच्याबरोबर चहा पिऊन गेली. बांध शाबूत आहे.

एक विचारतो. निघताना तू तळ्याचं पाणी नदीला मिळतं तिथे वाकून ओंजळ भरलीस, बराच वेळ पाहिलीस आणि सोडून दिलीस. निदान तोंड धुशील असं वाटलं होतं. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

तुझा,
ओडिंडो

कोडुमो,
३ मे

चि. ओडिंडोस आशीर्वाद.

वेड्या, पाण्याला वास नव्हता. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून ओंजळ सोडली.

परवा निंगू चढून आले. थोडेच, पण आले. आईच्या टोपलीचं बूड गेलं होतं, ते नव्याने विणलं आणि पाण्यात उतरले. या वयात! सगळ्या जणी हसत होत्या. संध्याकाळी मक्याच्या पिठाच्या उगालीबरोबर निंगूचा रस्सा केला. पहिला तुकडा ओचोलाच्या नावाने बाजूला काढला. दुसरा मी खाल्ला.

तुझा वाटा वाळवून ठेवलाय. ओगोलाच्या हाती दिला तर पोचायचा नाही. स्वतः येऊन घे.

तुझी,
ताई