चिंचेच्या रानाची माती

पडेगाव,
९ ऑक्टोबर १९८४

प्रिय मंजुळा,

आधी पानं मोज. पाच आहेत. वाचता येत नसलं तरी मोजता तुला चांगलं येतं. दीडशे मेंढरं तू नुसत्या नजरेनं मोजतेस, तिथं पाच कागद म्हणजे काय. पाचही वाचून होईस्तोवर सुनेला उठू देऊ नको, चुलीवर काही असेल तर उतरवून ठेव. सुगंधा, तुझी सासू मधेच म्हणेल, ही बाई लई लांबण लावती, पण तू थांबू नको, मोठ्यानं वाच. चार वर्षांत मी साधं कार्ड टाकलं नाही आणि आज पाच पानं लिहितेय, तेव्हा बातमी तशीच आहे. दिवाळी झाली की तुमची मेंढरं पुन्हा माझ्या चिंचेच्या रानात बसायला आली पाहिजेत. यायचं की नाही ते सगळं ऐकून तू ठरव, पण मी इकडं तयारीला लागलेसुद्धा.

तर बातमी अशी, की माझ्या मातीचा कागद आला. हसू नको. माणसाचं रक्त तपासतात तशी औरंगाबादला शेती खात्याकडं माती तपासतात, आणि रानात काय शिल्लक आहे, काय सरलं, ते लिहून देतात. परवा आमचे हे तो कागद घेऊन सायकलवरून आले आणि फाटकातूनच ओरडले, वहिदा, पास झालीस. नूरमोहम्मद म्हणजे म्हशीलासुद्धा अहोजाहो करणारा माणूस, तुला ठाऊक आहे, पण ओरडले खरे. मग अजरानं कागद वाचला. तुझ्या घोंगडीवर लोळणारी ती अजरा आता कॉलेजात जाते आणि आईला शिकवते. ती म्हणते, शेणामुताचा, पाल्याचा, मुळ्यांचा जो कस मातीत मुरतो त्याला सेंद्रिय कर्ब म्हणतात, आणि जमिनीचा जीव त्यात असतो. दोन वर्षांपूर्वी तो पॉइंट तीनवर आला होता, आता पॉइंट पाचला टेकलाय. माझ्या लग्नाच्या वेळी मेहेर ठरली तेव्हा आकडा ऐकून मला काही वाटलं नव्हतं, पण हा पॉइंट पाच ऐकून मी ओसरीवर बसून रडले बघ.

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते सांगते. तुमची मेंढरं यायची थांबली आणि दोन वर्षांत चिंचेच्या रानाचं पार वाटोळं झालं. पाऊस पडला की वर पापुद्रा धरायचा, उघडला की भेगा. कुदळ मारली की ठण्ण वाजायची. मी दरसाल युरिया वाढवत गेले, चाऱ्याच्या ज्वारीचं कडवळ हिरवं दिसायचं, पण म्हशी तोंड लावून बाजूला व्हायच्या. मग कुणीतरी सांगितलं, माती तपासून घ्या. शेती खात्याच्या साहेबांनी रीत सांगितली होती, की रानात आठ-दहा जागी वीतभर खड्डा करायचा, कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र कालवून सावलीत वाळवायची. मी ती आपल्या खाटेवर चादर टाकून वाळवली. ह्यांनी विचारलं, आज झोपायचं कुठं. मग वाळलेली माती एका रिकाम्या गोणीत भरून मी ऐटीत एस्.टी.नं शहरात गेले. पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावलं आणि कागद पुढं धरून विचारलं, बाई, तुमच्या रानात नत्राचा कारखाना आहे का. आकडा भलताच निघाला होता. मग त्यांनी विचारलं, माती आणली कशात. मी म्हटलं, गोणीत. कसली गोणी. युरियाची. साहेब डोक्याला हात लावून हसले, बाजूचा कारकूनसुद्धा हसला, आणि मीही हसले. पण मग त्यांनी सहज विचारलं, घरात अशा रिकाम्या गोण्या किती आहेत, आणि माझं हसू गेलं. काय उत्तर दिलं ते पुढं येतंय.

दुसऱ्यांदा मी माती धुतलेल्या कापडी पिशव्यांतून नेली, आणि एक नाही, दोन पिशव्या नेल्या. एक सगळ्या रानाची, एक नुसती चिंचेजवळच्या कोपऱ्याची, जिथं तुमचा कळप शेवटचा बसला होता. सगळं रान पॉइंट तीन, आणि मंजुळा, तो कोपरा पॉइंट सहा. दोन वर्षं झाली होती तुम्हाला जाऊन. साहेबांनी विचारलं, इथं काय घातलं होतं, तर मी म्हटलं, आमची मंजुळा. त्यांना कळेना. मग सांगितलं, की सांजच्याला वाघरीचं जाळं लावून मेंढरं आत कोंडतात, रातभर ती लेंड्या टाकतात, मुततात, खुरांनी तुडवतात, दुसऱ्या दिवशी जाळं चार पावलं पुढं सरकतं. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं आणि कागदाच्या खाली शेरा मारला, मेंढ्या बसवाव्यात. तुझी मेंढरं सरकारी कागदावर आली बाई. दाजींना सांग, आता मिशीला पीळ दिला तरी चालेल.

मेंढरं नव्हती, मग साहेब म्हणाले तसं केलं. युरिया अगदी कमी, तोही मोजून. शेणखत उकिरड्यावरून तसंच न टाकता कुजवून घातलं. आणि अर्ध्या रानात लसूणघास पेरला. तू बघितला नसशील, मेथीसारखा दिसतो, निळी फुलं येतात. त्याच्या मुळ्यांना बारक्या गाठी असतात आणि त्या हवेतलं नत्र ओढून मातीला देतात. मी एक रोप उपटून गाठी बघितल्या तेव्हा विश्वास बसला. एकदा पेरला की तीन वर्षं कापत राहायचं. उरलेल्या रानात मका आणि चवळी एकत्र. म्हशी आता मला बघून हंबरतात, ह्यांच्याकडं बघतसुद्धा नाहीत. मंजुळा, आता मातीत हात घातला की मनगटापर्यंत जातो. परवा मूठभर उचलली तर गांडूळ निघालं आणि मी अजराला हाका मारत धावत सुटले. ती म्हणाली, अम्मी, गांडूळच आहे, साप नाय.

तुमच्यासाठी चवळीचं रान मोकळं ठेवलंय, जाळं तिथं लागेल. लसूणघासाची भीती धरू नको. ओला खाल्ला तर पोट फुगतं, हे मी माझ्या दोन शेळ्यांवर शिकलेय, त्या वाचल्या म्हणून आज सांगता येतंय. दव वाळल्यावर मी स्वतः कापीन, सुकवीन, मग आधी कडबा आणि वर मूठमूठ हा. माझ्या हातानं आधी माझ्या शेळ्यांना, मग तुझ्या मेंढरांना. आता कुठलाच चारा मी नुसत्या रंगावर विश्वासून कुणाच्या जनावरापुढं टाकत नाही.

कालपासून मला आपल्या जुन्या दिवाळ्या आठवतायत. माझ्या सासूबाई सांगायच्या, पोलीस ॲक्शनच्या साली आमची माणसं घर सोडून गेली तेव्हा तुझ्या सासऱ्यानं आमच्या दोन म्हशी आपल्या कळपात घातल्या आणि महिना-दीड महिन्यानं आणून खुंट्याला बांधल्या. एक मधल्या काळात व्यायली होती, तर वासरूसुद्धा आणलं. कुणी मागितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. तेव्हापासून, ही चार वर्षं सोडली तर, तुमचा कळप दुसऱ्याच्या रानात बसला नाही. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी मला बांधावर उभं केलं, हातात तांब्या दिला आणि शिकवलं, की कळप आला की पुढच्या मेंढीच्या पायावर पाणी घालायचं, आणि कळपातल्या थोरल्या बाईनं पहिलं पाऊल रानात टाकायचं, मगच मेंढरं आत. तू टाकायचीस ते पाऊल. एकदा घसरून पडलीस आणि मलाही घेऊन पडलीस, आणि दोघी चिखलात बसून इतक्या हसलो की दाजी म्हणाले, ह्या बायांना भूल पडली. गेल्या बकरी ईदच्या बाजारात दाजी भेटले तेव्हा मी हीच आठवण काढली. ते हसले, पण मग म्हणाले, वहिदाबाई, त्या रानाची धास्ती बसली आम्हाला. आणि म्हणाले, सुगंधा घरीच असते. मंजुळा तिला मेंढरांमागं जाऊ देत नाही, कोकराला हात लावू देत नाही. चार वर्षं झाली. मी बाजारातून हात हलवत परत आले.

आता बघ, पाचवं पान लागलं. त्या साली तुमच्याकडं सोयगावला पावसानं दडी मारली म्हणून तुम्ही भादव्यातच आलात, चिंचेजवळच्या मुगाच्या तुकड्यात जाळं लावलं. बांधापलीकडं माझं कडवळ उभं होतं, कमरेला लागलेलं, हिरवंगार. तू आणि दाजी दौलताबादच्या बाजाराला गेला होतात. तीन महिन्यांची नवरी सुगंधा एकटी कळपामागं. दुपारी नऊ मेंढ्या थरथरल्या, तोंडाला फेस आला, आणि चुलीवर चहा उकळेस्तोवर आडव्या झाल्या. तुम्ही आलात. तू माझ्या अंगणात उभी राहून सुगंधाला म्हणालीस, पांढऱ्या पायाची आलीस, न विचारता दुसऱ्याच्या पिकात मेंढरं घातलीस, त्या पिकाचा तळतळाट लागला. मंजुळा, तिनं विचारलं होतं. मला विचारलं होतं. बांधाशी येऊन म्हणाली, मावशी, कडवळ कमरेला लागलंय, आता किरळ लागायची भीती नाय ना, कडेकडेनं चारू का. पोरीला सगळं ठाऊक होतं. गुडघ्याएवढी ज्वारी चारायची नाही, तिच्यात विष असतं, तीच किरळ, हे तुमच्यात लेकरालाही माहीत असतं. मी म्हणाले, चार गं, आपलंच आहे. आणि हे सांगितलं नाही, की पाऊस उघडलेला असताना, कपाशीसाठी ह्यांनी आणून ठेवलेल्या दोन गोण्या युरिया मी त्याच कडवळात ओतला होता, गुपचूप, चारा दुप्पट व्हावा म्हणून. मला तेव्हा शंका आली होती, खात्री नव्हती. खात्री साहेबांनी केली, त्या गोण्यांच्या प्रश्नाच्या दिवशी. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि ते म्हणाले, इतका युरिया आणि वर पावसाची ओढ, मग कमरेएवढ्या ज्वारीतसुद्धा विष उतरतं. तरी मी दोन वर्षं गप्प राहिले. तुझ्या सासऱ्यानं आमच्या म्हशी राखल्या आणि मी तुझ्या मेंढ्या मारल्या, हे माझ्या तोंडातून निघेना. त्या दिवशी तू तिला बोलत होतीस तेव्हा सुगंधानं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. आणि त्या पोरीनं माझं नाव घेतलं नाही. तुझी जिवाची मैत्रीण तुटेल म्हणून स्वतः पांढऱ्या पायाची झाली.

म्हणून पानं मोजायला लावली. मी तिला ओळखते, ती चौथ्या पानाशीच, माझी सही आली असं सांगून, मोकळी झाली असती, मला झाकायला. सुगंधा, बेटा, आतापर्यंत नीट वाचलंस ना, मग हेही वाच. चूक माझी होती, तुझी नव्हती, आणि मी हे काल रात्री ह्यांना आणि अजराला सांगितलंय, आता तुझ्या सासूला सांगतेय. मंजुळा, त्या नऊ मेंढ्यांच्या भरपाईचं काय करायचं ते दाजी म्हणतील तसं. माझ्यावर रागवायचं असेल तर इथं येऊन रागव, मी ओसरीवरच बसलेली असेन. मी तांब्या घासून ठेवलाय. एवढंच मागते, की दिवाळीनंतर बांधावर याल तेव्हा तू थोरली असलीस तरी मागं राहा. रानात पहिलं पाऊल सुगंधाचं. आणि मेंढीच्या आधी मी तिच्या पायावर पाणी घालीन.

वाट बघणारी, तुझीच
वहिदा