माफीनाम्यावरची तुमची सही

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं होत आली, पण पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. आज वाटलं, कारण आज मी तुमच्यावर चिडले आहे.

माझ्या वर्गात बाहेरची एक मुलगी बसते म्हणून मला कारणे दाखवा नोटीस आली होती. आज उत्तर द्यायचं होतं. तुमच्याच विभागात, तुमच्याच खोलीत बसणारे विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, दो लाइन का माफीनामा दे दीजिए, बात ख़त्म." मी नाही म्हटलं, तर त्यांनी एक जुनी फाइल पुढे सरकवली. "आपके पिताजी ने भी दिया था." वर्गात बाहेरचे लोक बसवल्याबद्दलचा माफीनामा, आणि खाली तुमची सही.

तुम्ही? कामगार कायदा शिकवताना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं घसा फोडून सांगणारे तुम्ही? हजेरी झाली की "और मेहमान?" असं रोज विचारायचात. मग मागच्या बाकांवरचे लोक उठून आपापली नावं सांगायचे. लायब्ररीतला शिपाई, विद्यापीठाशेजारच्या मुनिरक्यातला शिंपी, कुणाची तरी आई. विद्यापीठाचं फाटक गाईंना अडवायला असतं, माणसांना नाही, हे तुमचंच वाक्य ना?

एक सांगायचं राहिलं. तुमच्या शोकसभेला पानिपतचे, हातमागावर काम करणारे सतबीर आले होते. तरुणपणी दिल्लीत असताना ते तुमच्या वर्गात बसायचे. "मेरा नाम किसी रजिस्टर में नहीं है," ते म्हणाले, "पर पढ़ा मैं यहीं हूँ." आता मालकाने कागद पुढे केला, की तिथले कामगार आधी तो सतबीरांकडून वाचून घेतात.

माझी पाहुणी म्हणजे रुखसाना, परभणीची. मुनिरक्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिचा पास लिहिताना फाटकावरचा रक्षक म्हणाला, "भांजी लिख दो मैडम, सब यही लिखते हैं." मी नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'छात्रा', म्हणजे विद्यार्थिनी. पटावर तिचं नाव नाही, तिथेच सापडले. यात दोष तुमचा, दुसऱ्या कुणाचा नाही.

काल रुखसाना म्हणाली, "मॅडम, मी नाही येत आता. माझ्यामुळे तुमची नोकरी जायची." माझी नेमणूक वर्षावर्षाची, हे तिला ठाऊक आहे. मी म्हटलं, दहाला वर्ग आहे, उशीर करू नकोस.

फाइल पाहून बाहेर आले आणि आईला फोन लावला. ती म्हणाली, "तुझं हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं गं तेव्हा. नोकरीवरच सगळा इलाज चालला होता." मग बाबा, तुम्ही मला हे कधीच का सांगितलं नाहीत? त्या माफीनाम्यानंतर तुम्ही पाहुण्यांना फाटकाबाहेरच्या टपरीवर शिकवायला लागलात. आम्हाला वाटायचं, बाबांना चहाचं वेड लागलंय. जिन्यात बसून मी रडले, आणि रडून झाल्यावरही राग गेला नाही.

कारण तुम्ही चुकलात, बाबा. टपरीवर लोकांना तुम्ही मिळालात, विद्यापीठ नाही मिळालं. आणि आतल्या मुलांना पुढे एकही सतबीर भेटला नाही. त्यांतली कितीतरी आज मोठ्या खुर्च्यांवर बसून कामगारांसाठी नियम लिहितात, आणि एखाद्या कामगाराने शेजारी बसून त्यांना कधी प्रश्न विचारलेला नाही. हे नुकसान टपरीवर कसं भरून निघणार होतं?

दुपारी मी उत्तर दिलं. 'ती माझ्या वर्गात बसते. उद्याही बसेल. वर्ग सगळ्यांचा असतो, हे मी याच विद्यापीठात शिकले.' विभागप्रमुखांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आप बिल्कुल अपने पिताजी पर नहीं गईं." बाबा, मला ते फार लागलं. तुमच्यासाठी लागलं. तुमच्याकडे एक आजारी मुलगी होती. माझ्याकडे तुम्ही वाचवलेलं धडधाकट हृदय आहे, मग मी कशाला घाबरू?

नोकरी जाईलही. जाऊ दे. पण एक वचन देते. माझ्या जागी जी कुणी येईल, तिला भिववण्यासाठी त्यांच्याकडे माझ्या सहीचा असा एकही कागद नसेल.

तुमच्यावर रागावलेली आणि तुमचीच,
मंजिरी